समस्थानिके : अणूची दुसरी बाजू

‘अणू’ म्हटले की आपल्याला १९४५ चे हिरोशिमा आठवते. आमच्या घरी मात्र अणू आला तो औषध होऊन. गेल्या वर्षी माझ्या मावशीला थायरॉइडच्या विकारासाठी किरणोत्सारी आयोडीन दिले. काही दिवस वेगळे राहा, भांडी निराळी ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती मुदत संपून महिना लोटला, तरी तिच्या कपाला घरात कोणी हात लावीना. मी कलाशाखेचा विद्यार्थी. पण त्या कपाने मला विज्ञानाची पुस्तके उघडायला लावली.

एकाच मूलद्रव्याच्या, परंतु निरनिराळ्या वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. त्यांपैकी काही अस्थिर असतात व किरण टाकीत पालटत जातात. त्यांतील निम्मे अणू पालटण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, म्हणून हे औषध नेमके तिथे पोहोचून काम करते. उरलेले बहुतेक लघवीवाटे निघून जाते.

हेच घड्याळ इतिहासालाही उपयोगी पडते. सजीव मेला की त्याच्यात नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. विलार्ड लिबी यांना या कालमापनपद्धतीबद्दल १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ ठरविण्यास हीच पद्धत कामी आली. आपण इतिहासाच्या तासाला ज्या सनावळ्या पाठ करतो, त्यांतील काहींमागे असा अणू उभा आहे!

शेतीचेही तसेच. लासलगावला २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याला कोंब फुटणे रोखले जाते. किरण कांद्यातून आरपार जातात. कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही.

मात्र हलगर्जीपणाला येथे क्षमा नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा जीव घेतला. तेव्हा भीती अगदीच अनाठायी नव्हे. पण तिला हिशेबाची जोड हवी.

तो हिशेब मी घरी मांडला आणि मावशीच्याच कपातून चहा प्यालो. मावशी काही बोलली नाही. तिने कपात आणखी थोडा चहा ओतला.