वाडा तोलतात ते खांब

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागले, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथल्या वाड्यात झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांनी घेतला. लोक क्रांतिवीराला वंदन करायला इथे येतात आणि ते योग्यच आहे. पण हा वाडा घर म्हणूनही नीट बघायला हवा.

इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थसारख्या जमीनदारी प्रासादाचा थाट दर्शनी दगडी भिंतीत असतो. बागेपलीकडून, लांबून तो डोळ्यांत भरावा अशीच त्याची मांडणी. कोकणातला वाडा बाहेरून साधा. त्याची श्रीमंती आत, सुतारकामात.

अशा वाड्यात शिरल्यावर आधी खांबाचा पाय बघावा. सागवानी खांब थेट जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर टेकवलेला असतो. कोकणातल्या धो धो पावसात जमिनीची ओल लाकडात चढू नये, म्हणून ही योजना. घराचे जोतेही त्यासाठीच उंच. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि वर आढ्यापासून उतरणारे वासे. छपराचा भार हा सांगाडा पेलतो. मधल्या भिंती बऱ्याचदा नुसता आडोसा असतात. म्हणूनच एखादी भिंत ढासळली तरी घर उभे राहते आणि कुजलेला वासा तेवढा बदलता येतो. माझ्या मते आपल्या सुतारांचे खरे शहाणपण हेच: दुरुस्तीची सोय त्यांनी बांधतानाच करून ठेवली.

कौलांचीही गंमत आहे. आज सर्रास दिसणारी मंगलोरी कौले १८६५ नंतरची, बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यावरची. त्याआधी कुंभाराच्या हातची नळीची कौले असत आणि दर पावसाळ्याआधी ती शाकारावी लागत.

जुन्या घरांचा घात होतो तो सिमेंटने. चुन्याचा गिलावा आतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते आणि भिंतीत अडकलेले लाकूड आतून कुजते. पनवेलमध्ये ज्यांच्याकडे अजून वाडा उभा आहे, त्यांना एवढीच विनंती: डागडुजी चुन्यातच करा. आणि पाडण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी मोजमापे घेऊन नकाशा काढा, प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घेऊन ठेवा.