विकायचे घर दुरुस्त करावे का?

घर उभे करायला एक पिढी राबते. ते विकायची वेळ आली की जीव कासावीस होतो. मग मनात येते, घर जरा नीटनेटके करून विकावे, म्हणजे चार पैसे जास्त येतील. असे वाटणे साहजिक आहे. पण वाटणे निराळे आणि हिशेब निराळा.

आमच्या गावातील एक शेतकरी मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, सोसायटीचे कर्ज थकले आहे. गावठाणातले जुने घर विकून टाकतो. पण आधी फरशी बसवतो, भिंतींना सिमेंट लावतो. एक लाख वीस हजार लागतील. व्याजाने मिळतात."

आम्ही म्हणालो, "अहो, पैसे मग काढा. आधी वही-पेन्सिल काढू."

आहे त्या स्थितीत घराला चार लाख द्यायला गिऱ्हाईक तयार होते. दुरुस्तीनंतर फार तर साडेचार लाख येतील, असे गावातले जाणते लोक सांगत होते. व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये. काम उरकून घर विकेपर्यंत आठ महिने तरी जाणार. मग आम्ही असा हिशेब मांडला :

दुरुस्तीचा खर्च : 1,20,000 रुपये
एका महिन्याचे व्याज : 2,400 रुपये
आठ महिन्यांचे व्याज : 19,200 रुपये
एकूण खर्च : 1,39,200 रुपये
वाढलेली किंमत : 50,000 रुपये
तोटा : 89,200 रुपये

शेतकरी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. कर्ज फेडण्यासाठी घर विकायचे आणि ते विकण्यासाठी आणखी कर्ज काढायचे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली ही गत.

असे का होते? घर घेणारा काय बघून घर घेतो, याचा आपण विचार करत नाही. कोणी राहण्यासाठी घेतो. कोणी फक्त जागेसाठी घेतो. तो जुने घर पाडून नवे बांधणार असतो. त्याला आपल्या नव्या फरशीचे काय कौतुक? कोणाचा डोळा जुन्या सागवानी तुळयांवर आणि खांबांवर असतो. म्हणून आधी दोन-तीन गिऱ्हाइकांशी बोलावे. त्यांना काय हवे ते समजून घ्यावे. मगच गवंड्याला बोलवावे.

फरशीचा रंग आपल्याला आवडला तरी दुसऱ्याला आवडेलच असे नाही. शिवाय मातीच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. ती आतच कोंडते. काही दिवसांनी गिलावा फुगतो आणि पोपडे पडतात. अशा भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच बरा.

मग काहीच करू नये का? तसे नाही. थोड्या खर्चाची, पण डोळ्यांत भरणारी कामे जरूर करावी. फुटलेली कौले बदलावी. पाणी गळते ती जागा बंद करावी. पन्हळ साफ करावी. भिंतींना चुना द्यावा. दाराची मोडकी कडी बसवावी. अंगणातले गवत आणि अडगळ काढावी. गळके छप्पर बघितले की गिऱ्हाईक मनात मोठा खर्च धरते आणि किंमत पाडून मागते. त्या शेतकऱ्यांनी एवढीच कामे केली. काही घरच्या माणसांनीच केली. खर्च बारा हजार आला. पावसाळ्याच्या आत घर चार लाख वीस हजारांना गेले. खर्च वजा जाता आठ हजार जास्त मिळाले आणि डोक्यावर नवे कर्ज झाले नाही.

एक गोष्ट मात्र कधी करू नये. वाळवीने पोखरलेल्या वाशावर रंग फासू नये. खचलेली भिंत चुन्याखाली लपवू नये. सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच तसे आहे. आणि कायदा नसता तरी काय? त्या छपराखाली उद्या कोणाची तरी लेकरे झोपणार आहेत.

भिंतींच्या आधी कागद दुरुस्त करावे. घर आजोबांच्या नावावर असेल, तर आधी वारसांची नोंद करून घ्यावी. बहिणींना विसरू नये. 2005 साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिची सही नसेल, तर पुढे भांडण उभे राहते. घरपट्टी आणि विजेचे बिल भरून पावत्या जपून ठेवाव्या.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढावा. पण हा उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. तेवढ्याने मालकी पुरी सिद्ध होत नाही. 2020 साली स्वामित्व योजना सुरू झाली. त्या योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावाची मोजणी झाली असेल, तर ती पत्रिका मिळवावी. विक्री नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच करावी. साध्या कागदावर लिहून दिलेले चालत नाही. पैसे बँकेतून घ्यावे.

कागद चोख असले की गिऱ्हाईक घासाघीस कमी करते. हीच खरी दुरुस्ती, आणि ती फरशीपेक्षा स्वस्त पडते.

तेव्हा मंडळी, घर विकायचे झाले तर दोन प्रश्न वहीत लिहा. या कामाला व्याजासकट किती लागेल? त्याने किंमत किती वाढेल? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तरच कामाला हात घाला. आता तुम्हाला लिहिता येते, बेरीज-वजाबाकीही येते. घरासारखा मोठा व्यवहार दुसऱ्याच्या तोंडच्या हिशेबावर का सोडावा?