ओळखीच्या चेहऱ्याची किंमत

मदनपुऱ्यात शाळेच्या दप्तरांचा कारखाना चालविणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा नुकताच आमच्याकडे सल्ल्यासाठी आला होता. संगणकाचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाला मोबाइलवरचा एक व्हिडिओ गेम बनवायचा आहे. मुलांच्या आवडत्या कार्टूनमधील पात्रे मोटारसायकलींवर बसून शर्यत लावतात, अशी त्याची कल्पना. वडील त्यासाठी दोन शिलाई मशीन विकायला तयार झाले आहेत. प्रश्न एवढाच होता : हा धंदा चालेल काय?

आम्ही म्हटले, खेळ चालेल. पण स्वार बदला.

ही कल्पना नवी नाही आणि वाईटही नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८४ साली ‘एक्साइटबाइक’ नावाचा मोटारसायकलींचा खेळ काढला. त्यातील स्वाराला नाव नव्हते. १९९७ साली याच खेळाची एक आवृत्ती जपानमध्ये उपग्रहामार्फत प्रसारित झाली. तिच्यात अनामिक स्वाराच्या जागी मारिओ आणि त्याचे सोबती बसले. पुढे २००८ च्या ‘मारिओ कार्ट वी’मध्ये मोटारगाड्यांबरोबर मोटारसायकलीही आल्या आणि त्या खेळाच्या साडेतीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. ओळखीचा चेहरा गिऱ्हाईक खेचतो, हे यावरून दिसते.

परंतु आमच्या कारागीर बंधूंनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात हाताने पत्ते बनविणारे एक छोटे दुकान म्हणून सुरू झाली. १९५९ साली तिने पत्त्यांवर डिस्नेची चित्रे छापली, ती रीतसर करार करून. १९८१ साली तिला पॉपाय या प्रसिद्ध पात्रावर खेळ काढायचा होता. परवानगी मिळाली नाही. तेव्हा शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराने स्वतःची पात्रे घडविली. त्यांतलाच एक सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. दुसऱ्याचे पात्र मिळाले असते, तर मारिओ कदाचित जन्मालाच आला नसता!

आपल्या बाजारात मात्र काय चालते? दप्तर, टिफिन, टी-शर्ट, पतंग, जे विकायचे त्यावर टीव्हीवरचे कार्टून छापायचे. ‘सगळेच छापतात’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. कायदा हे उत्तर मानीत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नकलेला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. छापा पडला की माल जप्त होतो, आणि मोठा व्यापारी हात झटकून मोकळा झाला की शिलाई करणारा कारागीर अडकतो. मोबाइल गेमचे तर याहून कठीण. मूळ मालकाने तक्रार केली की खेळ बाजारातून काढला जातो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

मग उपाय काय? कायद्याचा दुसरा भाग आपल्या फायद्याचा आहे. नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. पात्रांची मोटारसायकल शर्यत कोणीही बनवू शकतो. मालकी असते ती काढलेल्या चित्रावर आणि लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. शेखचिल्ली, मुल्ला नसरुद्दीन, बिरबल ही लोककथांतील पात्रे कोणा कंपनीची नाहीत. मात्र कोणी काढलेले त्यांचे चित्र उचलू नये. आपले चित्र आपणच काढावे. गाढवावर उलटा बसणारा मुल्ला सायकलवरही उलटा बसला, तर कोणते मूल हसणार नाही? वाटेत मोहल्ल्यातील गल्ली, हातगाडी, पावसाचे डबके असावे. खेळ तेवढ्याने आपला होतो.

मालेगावकरांनी हे फार पूर्वी ओळखले. २००० साली शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा ओळखीची पात्रे आपल्या बोलीत, आपल्या गल्लीत पाहून लोक खूश झाले. पण विडंबनाची ढाल प्रत्येक मालाला पुरेल, असे समजू नये.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, मशीन विकू नका. गोडो आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. एक रस्ता, एक स्वार एवढाच खेळ आधी तयार करा आणि मोहल्ल्यातील मुलांच्या हाती द्या. मुलांनी दुसऱ्यांदा मागितला, तर पुढे जा. चित्रकार मित्र सोबत असेल, तर हिस्सा कागदावर लिहून घ्या. खेळाचे नाव मुंबईत अँटॉप हिल येथील ट्रेडमार्क कार्यालयात नोंदवा. ही नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे वाढविता येते.

आणि मुल्ला चालला, तर तोच वडिलांच्या दप्तरावर छापा. त्या दप्तरावर मग कोणाचा छापा पडणार नाही. उलट, दुसऱ्यांनीच तुमच्याकडे परवानगी मागायला यावे!