दह्याची वाटी

वऱ्हाडी माणसाला जेवताना दही लागते. म्हणून इस्रायलमधल्या अश्दोद गावी, एका साध्याशा खाणावळीत कबाबाची सळई पुढे येताच मी सवयीने दही मागितले. वाढणारा पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. माझी यजमानीण मात्र खळखळून हसली. "अरे, इथं दही? तुझ्या आईनंही हेच केलं होतं!"

ही बाई मूळची अकोल्याची, आमची शेजारीण. वडील रेल्वेत नोकरीला. जातीने बेने-इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. यांचे पूर्वज नौगावजवळ गलबत फुटून कोकण किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेथे ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावेही गावांवरून पडली : पेणकर, दिवेकर, किहीमकर.

१९६७ सालची गोष्ट. श्रावण संपून पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, करीला, आईने मटण केले. दह्यात मुरवलेले, झणझणीत. एक वाडगा माझ्या हाती शेजारी धाडला. सकाळी तो जसाच्या तसा परत आला. सोबत निरोप एवढाच, "आम्हाला चालत नाही." आई जी दुखावली ती कायमची. "आमच्या हातचं चालत नाही होय!" म्हणून तिने दिवाळीचे ताट पाठवणे बंद केले. १९७१ साली ते बिऱ्हाड इस्रायलला निघाले, तेव्हा आई स्टेशनवरदेखील गेली नाही. पत्रे येत, पण ती मला.

आता खाणावळीकडे वळू. बसताक्षणीच दहा-बारा बशा मांडल्या गेल्या : हुम्मुस म्हणजे छोल्यांची मऊ चटणी, तिळाची ताहिनी, कोबी, बीट, लोणची, आणि काय सांगू, निखाऱ्यावर भाजलेले वांगे! आपल्या भरिताचा सख्खा भाऊच. मग गरम पिता रोटी आणि कोळशावर भाजलेल्या सळया, कोंबडीच्या नि खिम्याच्या.

भिंतीवर धर्माधिकाऱ्यांचा दाखला टांगला होता. जेवण 'कोशेर', म्हणजे शास्त्राला धरून आहे, अशी ती हमी. शुक्रवारी सांज होण्यापूर्वी चूल विझते, ती शनिवारी रात्र पडेपर्यंत पेटत नाही.

"करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असं आमचं शास्त्र," ती सांगू लागली. "म्हणून मटणाबरोबर दूध, दही, तूप काही नाही. म्हणून तर आमच्या रश्शात नारळाचं दूध असतं. जनावर चिरलेल्या खुरांचं नि रवंथ करणारं हवं, मासा खवल्यांचा नि परांचा हवा. कापणाराही शास्त्र शिकलेला लागतो. मग मांस भिजवून, मीठ लावून रक्त काढायचं. काळीज मात्र विस्तवावरच भाजायचं, कारण त्यातलं रक्त मिठानं निघत नाही. अकोल्यात आमच्या रीतीनं कापणारं कुणी नव्हतं. आम्ही घरी भाजीपालाच खायचो."

"मग तुझ्या आईनं हे सांगितलं का नाही?"

"लाजली. वाटलं, तुम्ही म्हणाल, केवढं हे सोवळं!"

माझ्या घशात घास अडकला. ज्यांनी परगावात एकटे राहून एवढा नेम पाळला, त्यांच्याच ज्यूपणाविषयी इस्रायलमध्ये काही धर्मगुरूंनी शंका घेतली होती. लग्ने अडली, आंदोलन झाले. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला. आणि आमच्या घरी त्याच नेमाला गर्व समजले गेले!

शेवटी कॉफी आली, अर्थातच बिनदुधाची. तिथूनच मी अमरावतीला आईला फोन लावला. आई आता पंच्याऐंशीची. सारे सांगितले. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाली,

"मग तेव्हाच सांगायचं होतं की बाईनं! मी निखाऱ्यावरचं वांगं पाठवलं असतं."

आणि लगेच, "तिची आई आहे का रे अजून?"

यजमानीणबाईने फोन हातात घेतला. "नाही हो काकू," एवढेच ती बोलली. पुढे दोघी काय बोलल्या, ते मी ऐकले नाही. पितेचा तुकडा मोडून मी वांग्याची बशी जवळ ओढली.