महाक्षार सरोवराचा जमाखर्च



बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या तळ्याचें पाणी खारट आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्या तळ्यांतून एकहि ओढा बाहेर पडत नाहीं. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागें राहतात. हाच सृष्टिनियम अफाट प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर अमेरिकेंतील यूटा संस्थानाकडे वळलें पाहिजे. तेथील ‘ग्रेट सॉल्ट लेक’, म्हणजे महाक्षार सरोवर, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हिमयुगांत या प्रदेशांत बॉनव्हिल नांवाचें सुमारें २०,००० चौरस मैलांचें सरोवर पसरलें होतें. त्याच्या लाटांनीं कोरलेल्या पायऱ्या डोंगरांच्या उतारांवर अजूनहि दिसतात. आजचें सरोवर हा त्याचाच उरलेला अंश होय. बेअर, वेबर व जॉर्डन या नद्या त्यास येऊन मिळतात. बाहेर एकहि जात नाहीं. पातळी मध्यम असतां विस्तार सुमारें १,७०० चौरस मैल, पण खोली फार तर ३३ फूट! अशा परातीसारख्या सरोवरांत पाणी थोडें घटलें, तरी कांठ मैल मैल उघडा पडतो. १९६३ सालीं विस्तार हजार चौरस मैलांच्या आंत आला होता. १९८७ सालीं तो ३,३०० वर गेला. तेव्हां पुरास भिऊन सरकारनें प्रचंड पंप बसवले व पाणी पश्चिमेच्या वाळवंटांत सोडलें.

पाणी समुद्राहून कितीतरी अधिक खारट असल्यामुळें स्नान करणाऱ्याचें अंग सहज तरंगतें. मात्र थेंब डोळ्यांत गेला कीं झोंबतो, आणि अंग वाळतांच मिठाचा पांढरा थर चढतो. या गमतीसाठीं १८९३ सालीं लाकडी खांबांवर, थेट पाण्यांत, ‘सॉल्टएअर’ नांवाचा विहारमहाल बांधण्यांत आला. सॉल्ट लेक शहरांतून आगगाडीनें लोक लोटत. दिवसा स्नान, रात्रीं नृत्य. १९२५ सालीं तो आगींत जळाला व पुन्हां उभारला गेला. परंतु पुढील दशकांत पाणीच मागें सरलें, आणि महाल कोरड्या जमिनीवर राहिला. १९५८ सालीं तो बंद पडला. १९७० सालीं ती ओसाड वास्तूहि जळाली.

२०२१ सालीं नौकाविहाराच्या बंदरांत पाणी उरलें नाहीं, म्हणून शिडाच्या नौका यंत्रानें उचलून बाहेर काढाव्या लागल्या. पुढच्याच वर्षीं, १८४७ पासूनच्या नोंदींतील सर्वांत नीच पातळी गांठली गेली. अवर्षण हें एक कारण. पण मोठें कारण असें, कीं नद्यांचें पाणी वरच्यावरच लसूणघासाच्या शेतांस, शहरांस व कारखान्यांस वळविलें जातें. उघड्या पडलेल्या तळांत सोमलासारखीं विषें आहेत, आणि त्याची धूळ वाऱ्यानें वस्तींत येते. पाण्यांतील बारीक कोळंबी व माशा यांवर लक्षावधि पक्षी जगतात. क्षार मर्यादेपलीकडे वाढले, तर तें अन्नहि नाहींसें होईल. २०२३ सालच्या भरपूर बर्फानें पातळी कांहीं फूट वाढली खरी, परंतु एका सुगीनें जुनें कर्ज फिटत नसतें.

सरोवरास मिळणारें पाणी फुकट गेलें, अशी समजूत तेथें फार दिवस होती. ज्या सरोवराचा खर्च सूर्याच्या हातीं आहे, त्याची जमा तेवढी माणसाच्या हातीं असते. ती जमा राखण्यासाठीं आतां तेथें कायदे होऊं लागले आहेत. आपल्या तळ्यांकडे पाहतांनाहि हा हिशेब ध्यानांत ठेवावा, इतकेंच सांगून आपली रजा घेतों.