हम्बोल्टच्या दारातली हॉकी स्टिक

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, सास्काटूनच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर हम्बोल्ट हे शेतकऱ्यांचं गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजार. या गावाने 1970 पासून ‘हम्बोल्ट ब्रॉन्कोज’ हा ज्युनियर आइस हॉकीचा संघ सांभाळला आहे. 2003 आणि 2008 मध्ये या संघाने आपल्या गटातलं राष्ट्रीय विजेतेपदही पटकावलं.

संघ कुणाचा?

गावाचा. कुणी धनाढ्य मालक नाही, स्थानिक स्वयंसेवकांचं मंडळ कारभार पाहतं. खेळाडू साधारण सोळा ते वीस वर्षांचे, बरेचसे परगावचे. हंगामभर ते गावातल्या कुटुंबांत राहतात. पोरांना असं घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना तिकडे ‘बिलेट’ म्हणतात. रात्री उशिरा दमून आलेल्या पोराला जेवायला वाढणारी बाई त्याची आई नसते, पण दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांतून त्याच्या नावाने ओरडणारी तीच असते. माझ्या मते ब्रॉन्कोजची खरी ताकद ही घरं आहेत.

6 एप्रिल 2018

बाद फेरीच्या सामन्यासाठी संघाची बस निपाविनला निघाली होती. महामार्ग 35 आणि 335 च्या चौकात एक मालवाहू ट्रक ‘स्टॉप’च्या पाटीला न थांबता पुढे आला. बसमधल्या 29 जणांपैकी 16 जण गेले, 13 जखमी झाले. मृतांत खेळाडूंबरोबर प्रशिक्षक डार्सी हॉगन होते, बसचालक होते, खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारी तरुणी होती आणि रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा निवेदकही होता. ट्रकचालकाने गुन्हा कबूल केला, त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. नवख्या ट्रकचालकांना आधी प्रशिक्षण घेण्याची सक्ती प्रांतात 2019 मध्ये आली. ती आधीच यायला हवी होती.

दारातली स्टिक

अपघातानंतरच्या आठवड्यात कॅनडाभर लोकांनी घराच्या दाराशी एक हॉकी स्टिक टेकवून ठेवली आणि बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवला. पोरांना लागली तर स्टिक हाताशी असावी, एवढाच त्यामागचा भाव. मदतनिधीत दीड कोटी कॅनेडियन डॉलरांहून अधिक रक्कम जमली. त्याच वर्षी 12 सप्टेंबरला ब्रॉन्कोज आपल्या मैदानात पुन्हा उतरले, समोर निपाविनचाच संघ होता. सामना ते 1-2 असा हरले. अपघातातून वाचलेले दोन खेळाडू त्या रात्री बर्फावर होते.

लोगनचा निर्णय

अपघातात गेलेला, बचावफळीत खेळणारा लोगन बुले नुकताच 21 वर्षांचा झाला होता. अवयवदानाचा आपला विचार त्याने घरी बोलून दाखवला होता, म्हणून आईवडिलांना निर्णय घेता आला. त्याच्या अवयवांनी सहा जणांना जीवदान मिळालं. पुढे लाखाहून अधिक कॅनेडियन लोकांनी दाते म्हणून नोंदणी केली. 2019 पासून 7 एप्रिलला त्याच्या स्मरणार्थ तिथे ‘ग्रीन शर्ट डे’ पाळतात.

आपल्याकडेही मृत्यूनंतर अवयव देताना शेवटची संमती घरच्यांचीच लागते. तुमची इच्छा असेल तर आज जेवताना ती घरी सांगून ठेवा.