जुन्या गाडीत सीएनजी किट बसवताय? आधी हे बघा

पेट्रोल परवडत नाही म्हणून आपल्यापैकी अनेकजण जुन्या गाडीत सीएनजी किट बसवतात. मुंबईच्या अनेक पद्मिनी टॅक्सीही अशाच सीएनजीवर आल्या. पण स्वस्तात काम उरकलं, तर जीव आपल्याच घरच्यांचा धोक्यात. सिलिंडरमध्ये गॅस साधारण २०० बार दाबाने भरलेला असतो, आणि पुढच्याच सीटवर मुलं बसलेली असतात.

म्हणून आम्ही सांगतो: आपल्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच किट अधिकृत सेंटरमधून बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर सीएनजीची नोंद लागते. गिरगाव, परळ, लालबागवाल्यांसाठी ती ताडदेव आरटीओत होते. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेम अडकू शकतो. दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करा. ईदला गावी निघण्याआधी टेस्टची तारीख एकदा बघूनच घ्या.